एकाच पॅनमध्ये मीटबॉल आणि पास्ता: पाण्याचे माप, आच आणि क्रम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मीटबॉल आणि पास्ता एकाच पॅनमध्ये शिजवायला घेतले की मीटबॉल सॉसमध्ये फुटतात, पास्ता काही ठिकाणी लगदा होतो आणि काही ठिकाणी कच्चा राहतो, सॉस एका वेळी पातळ होतो तर पुढच्या वेळी तळाला लागतो; तेव्हा चार माणसांच्या जेवणासाठी सोपी आणि दर वेळी सारखीच जमणारी पद्धत कोणती? व्यावसायिक स्वयंपाकघरात हा पदार्थ मी वर्षानुवर्षे करत आणि शिकवत आलो आहे. मीटबॉल फुटण्याची कारणे थोडी वेगळी असतात, त्यांच्याकडे पुढे येतो. पण बाकीच्या तक्रारींचे मूळ जवळजवळ नेहमी पाण्यात सापडते. मसाले, चीज, टोमॅटो यांची काटेकोर मापे घेतली जातात आणि पाणी मात्र नजरेच्या अंदाजाने ओतले जाते.

पास्ता वेगळ्या भांड्यात उकळताना हा अंदाज खपून जातो. 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी हा तिथला नेहमीचा हिशोब आहे. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा पास्ता शोषून घेतो आणि उरलेले पाणी मीठ व स्टार्चसकट ओतून दिले जाते. एका पॅनच्या पद्धतीत ओतून देण्यासारखे काहीच नसते. पॅनमध्ये जे पडेल ते सगळे ताटात येणार, त्यामुळे पाणी आणि मीठ हे दोन्ही इथे साहित्याच्या यादीत मोजून लिहायचे जिन्नस ठरतात. त्याच्या बदल्यात मिळणारा फायदाही मोठा आहे. पास्त्यातून सुटलेला स्टार्च सॉसमध्येच राहतो, सॉसला दाटपणा आणतो आणि मांसातून सुटलेली चरबी वर तरंगू न देता सॉसमध्ये मिसळून धरतो. ही पद्धत निव्वळ भांडी वाचवण्यासाठी आहे असे समजणाऱ्यांच्या हा भाग लक्षात आलेला नसतो.

चार जणांसाठी मी पुढील प्रमाण सुचवेन. मीटबॉलसाठी 500 ग्रॅम खिमा, कडा काढलेल्या ब्रेडचे दोन काप म्हणजे साधारण 50 ग्रॅम, 80 मिली दूध, एक अंडे, किसलेले मुरवलेले कडक चीज 30 ग्रॅम, बारीक चिरलेली पार्सली, किसलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धा लहान चमचा मिरपूड आणि 7 ग्रॅम मीठ, म्हणजे एका सपाट लहान चमच्याहून किंचित जास्त. सॉससाठी दोन मोठे चमचे तेल, एक मध्यम कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, 400 ग्रॅम ठेचलेले टोमॅटो, चिमूटभर ओरेगॅनो आणि 600 मिली गरम पाणी. पास्ता 300 ग्रॅम, कोरडा. याखेरीज 200 मिली गरम पाणी शेजारी तयार ठेवावे. ते सगळे लागेलच असे नाही, पण ऐन वेळी नळाचे थंड पाणी ओतण्याची पाळी येऊ नये. या प्रमाणात 300 ग्रॅम पास्ता साडेतीनशे ते चारशे ग्रॅम पाणी पिऊन घेतो, थोडे वाफेने जाते आणि जे उरते ते सॉस म्हणून पास्त्याला लपेटून राहते.

पॅन 28 ते 30 सेंमी रुंद, निदान 6 सेंमी खोल, जाड बुडाचा आणि झाकण असलेला हवा. स्टीलचा सर्वांत चांगला, कारण मांस परतल्यावर तळाशी जो तपकिरी थर धरतो तो नॉनस्टिक पॅनमध्ये फारसा जमत नाही आणि सॉसची निम्मी चव त्याच थरातून येते. नॉनस्टिक वापरू नये असे नाही. फक्त त्यात टोमॅटो पेस्ट जरा जास्त वेळ परतून ती उणीव भरून काढावी. तेलाचा थर नीट न बसलेल्या बिडाच्या पॅनमध्ये हा पदार्थ टाळावा, कारण टोमॅटोचा आंबटपणा आणि लांबलेले शिजणे यांमुळे सॉसला धातूची चव येते.

आता मीटबॉल. खिमा कोणत्याही मांसाचा चालेल, मात्र त्यात 15 ते 20 टक्के चरबी असावी. कोंबडीच्या छातीचा खिमा फार कोरडा असतो; तोच घ्यायचा असेल तर मिश्रणात एक मोठा चमचा तेल किंवा लोणी घालावे. ब्रेड दुधात भिजवून घालण्यामागे नेमके कारण आहे. मांस तापू लागले की त्यातली प्रथिने आकसतात आणि आतले पाणी बाहेर पिळून काढतात; भिजलेला ब्रेड प्रथिनांच्या धाग्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही आणि सुटलेले पाणी स्वतः धरून ठेवतो. कोरडा ब्रेडचुरा तसाच घातला तर तो आपली तहान मांसातल्या पाण्यावर भागवतो आणि गोळे कोरडे होतात. म्हणून ब्रेड दुधात पाच मिनिटे मुरू द्यावा, काट्याने कुस्करून त्याची एकजीव पेस्ट करावी आणि अंडे, मीठ, चीज, लसूण, मिरपूड हे सगळे त्या पेस्टमध्येच मिसळून घ्यावे. खिमा सर्वांत शेवटी, हाताने मोकळा करत वर पसरावा.

मिसळण्याचा हा भाग घाईने उरकू नये आणि लांबवूही नये. मीठ लागलेला खिमा जितका मळाल तितकी त्यातली प्रथिने सुटी होऊन एकमेकांना घट्ट धरतात; सॉसेज करताना नेमके तेच हवे असते, पण इथे त्याने गोळा रबरासारखा होतो. उलट फारच कमी मिसळले तर धरून ठेवायला काही नसते आणि गोळा सॉसमध्ये उमलतो. बोटे फाकवून, मूठ न आवळता, ब्रेडच्या पांढऱ्या रेघा दिसेनाशा होईपर्यंतच मिसळावे. साधारण एक मिनिट पुरते. खूण सांगतो: लिंबाएवढा गोळा तळहातावर घेऊन हात पालथा करावा. तो क्षणभर चिकटून राहून मग सुटला तर मिश्रण बरोबर आहे. लगेच घसरला तर आणखी थोडे मिसळावे किंवा चमचाभर ब्रेडचुरा घालावा. सुटतच नसेल तर ते जास्त मळले गेले आहे किंवा फार ओले आहे, आणि फार ओले असल्यास पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवल्याने बराच फरक पडतो. कच्चा कांदा चिरून मिश्रणात घालण्याची सवय असेल तर ती सोडावी किंवा कांदा किसून, पिळून घालावा, कारण प्रत्येक जाड तुकडा हा गोळ्याला तडा जाण्याची तयार जागा असतो.

गोळे वळण्यापूर्वी मिश्रणाचा सुपारीएवढा तुकडा पॅनमध्ये परतून चाखून पाहावा. कच्च्या खिम्याची चव घेणे धोक्याचे असते आणि गोळे वळून झाल्यावर मीठ कमी पडल्याचे कळून उपयोग नसतो. त्यानंतर ओल्या हाताने प्रत्येकी 30 ग्रॅमचे, म्हणजे सुमारे 4 सेंमी व्यासाचे, चोवीस गोळे वळावेत. आकाराविषयी मी थोडा हट्टी आहे. मोठे गोळे छायाचित्रात शोभून दिसतात, पण त्यांचा गाभा शिजेपर्यंत पास्ता उतरून जातो. इटलीतील अब्रुझ्झो प्रांतात तेरामोच्या बाजूला पास्त्याबरोबर अगदी हरभऱ्याएवढे मीटबॉल करतात, आणि त्यामागचा विचार मला पटतो: प्रत्येक घासात पास्ता आणि मांस दोन्ही यावेत. इतके बारीक वळण्याची चिकाटी रोजच्या जेवणाला कुठून आणायची, म्हणून 30 ग्रॅम ही मला मान्य असलेली तडजोड आहे. वळलेले गोळे पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवले की चरबी घट्ट होते आणि पॅनमध्ये आकार टिकतो. कच्च्या मांसाला लागलेले हात, पाट आणि सुरी साबणाने धुतल्याशिवाय पुढच्या जिनसांना हात लावू नये.

पॅन मध्यम-मोठ्या आचेवर तापवून त्यात एक मोठा चमचा तेल घालावे आणि तेलावर बारीक लहरी दिसू लागल्या की गोळे ठेवायला सुरुवात करावी. कडेपासून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ठेवत गेले की आधी कोणता ठेवला हे लक्षात राहते आणि त्याच क्रमाने उलटता येतात. चोवीस गोळे एकदम ठेवण्याचा मोह आवरून दोन खेपा कराव्यात. मांसाचा पृष्ठभाग खरपूस होण्याची क्रिया साधारण 140 अंश सेल्सियसच्या पुढे वेग घेते, आणि पॅनमध्ये पाणी साचलेले असेपर्यंत तापमान 100 अंशांपाशीच अडकते. दाटीवाटीने ठेवलेले गोळे स्वतःच्याच पाण्यात वाफवले जातात. हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते: चांगली चरचर तीक्ष्ण आणि सलग असते, तर पाणी सुटले की आवाज मंद, बुडबुड्यांचा होतो आणि गोळ्यांभोवती करडा फेस दिसू लागतो. तसे झाले तर आच वाढवून पाणी आटेपर्यंत थांबावे, काहीही हलवू नये.

पहिली दोन मिनिटे गोळ्यांना हात लावायचा नाही. पृष्ठभाग खरपूस झाला की गोळा तळापासून आपोआप सुटतो; कालथा लावल्यावर तो चिकटलेला जाणवला तर तो अजून तयार नाही एवढाच त्याचा अर्थ. फुटणाऱ्या मीटबॉलपैकी बरेचसे इथेच, घाईने उचकटताना फुटतात आणि खापर मात्र मिश्रणावर फुटते. दोन-तीन बाजूंनी मिळून पाच मिनिटे परतावे. सगळीकडून सारखा रंग येण्याची गरज नाही आणि आतून शिजवायचे तर मुळीच नाही, ते काम पुढे सॉस करणार आहे. गोळे स्वच्छ ताटलीत काढावेत, कच्चे गोळे ज्या ताटलीत होते तिच्यात नव्हे. अर्धवट शिजलेले मांस ठेवून देण्याची वस्तू नसते, त्यामुळे एकदा परतले की जेवण पूर्ण करूनच थांबावे.

पॅनमध्ये दीड-दोन मोठे चमचे चरबी राहू द्यावी, जास्त असेल तर काढून टाकावी आणि फारच कमी असेल तर उरलेले तेल घालावे. तळाचा थर तपकिरी असेल तर तो ठेवा आहे. काळा पडला असेल तर मात्र पुसून टाकावा, कारण त्याचा कडवटपणा पुढे कशानेही झाकला जात नाही. आच मध्यम करून बारीक चिरलेला कांदा चिमूटभर मिठासह चार-पाच मिनिटे परतावा. कांद्याला सुटलेल्या पाण्यानेच तळाचा थर मोकळा होऊ लागतो. लसूण अर्धा मिनिट. मग टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी रंगावर येईपर्यंत, सुमारे दोन मिनिटे परतावी. टोमॅटोचा लाल रंग चरबीत विरघळणारा आहे, त्यामुळे कडेने तेल लालसर दिसू लागले की पेस्ट नीट परतली गेली असे समजावे. कच्च्या पेस्टची कळकट आंबट चव याच दोन मिनिटांत जाते.

आता टोमॅटो, ओरेगॅनो, अर्धा सपाट लहान चमचा मीठ आणि 600 मिली गरम पाणी घालून तळ लाकडी कालथ्याने खरवडावा. पास्ता वेगळा उकळताना लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम मीठ घालतात म्हणून तेच प्रमाण इथे लावले तर पदार्थ खारट होईल, कारण इथे पाणी आटत जाते आणि मीठ जागच्या जागी राहते. शिवाय मीटबॉल आणि चीज यांतले मीठ वेगळेच. उरलेले मीठ शेवटी चाखून घालावे. पाणी गरमच हवे, कारण थंड पाण्याने उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ पास्ता कोमट पाण्यात भिजत बाहेरून मऊ पडतो.

पास्ता घालण्यापूर्वी सॉस आटवून दाट करू नये, हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण मधूनमधून कच्चा राहणाऱ्या पास्त्याचे हेच खरे कारण असते. दाट सॉसमध्ये उष्णता हळू फिरते आणि पास्त्यापर्यंत पाणीही हळू पोहोचते. सुरुवातीला पॅनमधले मिश्रण सूपसारखे पातळ दिसायला हवे. त्याला दाट करण्याचे काम पास्ता स्वतः करतो. खळखळून उकळी आली की पास्ता घालून कालथ्याने दाबावा आणि सगळे तुकडे पाण्याखाली गेले आहेत याची खात्री करावी. वर राहिलेले तुकडे नुसत्या वाफेवर शिजतात आणि मागे पडतात. तसे दिसले तर राखून ठेवलेल्या गरम पाण्यातले थोडे घालावे. पहिली दोन मिनिटे सतत ढवळावे. या वेळात पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून चिकट होतो आणि तुकडे एकमेकांना किंवा तळाला धरतात. हा टप्पा ओलांडला की चिकटण्याची भीती पुष्कळ कमी होते.

मीटबॉल या वेळी पॅनमध्ये नसणे महत्त्वाचे आहे. बहुतेक पाककृती पास्ता आणि मीटबॉल एकदमच घालायला सांगतात आणि मग पास्ता चिकटू नये म्हणून ढवळावे, तर गोळे फुटतात, आणि गोळे जपावे, तर पास्ता चिकटतो. पास्ता एकटाच झाकण न ठेवता पाच मिनिटे शिजवला, मधूनमधून मोकळेपणाने ढवळला, आणि त्यानंतर मीटबॉल ताटलीत साठलेल्या रसासह वर मांडले की हा पेच सुटतो. ते सॉसमध्ये अर्धे बुडतील इतके दाबावेत. आच मंद-मध्यम करावी, झाकण बोटभर उघडे ठेवावे आणि सात ते नऊ मिनिटे शिजू द्यावे. या काळात कालथा उभा घालून ढवळायचे नाही. पॅनच्या मुठी धरून दोन-तीनदा हलकेच गोल फिरवावा आणि एकदा-दोनदा चपटा कालथा तळाला समांतर सरकवावा. उकळी संथ हवी, खळाळणारी नको.

पाकिटावरच्या वेळेपेक्षा या पद्धतीत तीन-चार मिनिटे जास्त लागतात, म्हणून घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवावा. तुकडा चावल्यावर मधोमध केसासारखी फिकट रेघ उरली असेल तेव्हा आच बंद करावी. त्या क्षणी सॉस आपल्याला हवा त्यापेक्षा थोडा पातळच दिसला पाहिजे. झाकण ठेवून चार-पाच मिनिटे थांबले की तो आवळून येतो आणि ती रेघही नाहीशी होते. पास्ता झाला पण सॉस फारच पातळ असेल तर झाकण काढून मोठ्या आचेवर एक मिनिट द्यावे, त्याहून जास्त नाही. पास्ता कच्चा आणि सॉस आटलेला असेल तर एका वेळी 50 मिली गरम पाणी घालत पुढे जावे. मीटबॉलच्या गाभ्याचे तापमान लाल मांसासाठी 71 अंश आणि कोंबडी किंवा टर्कीसाठी 74 अंश सेल्सियस असावे. थर्मामीटर नसेल तर सर्वांत मोठा गोळा कापून पाहावा आणि आत कच्चा गुलाबी गाभा दिसला तर आणखी शिजवावे. मात्र रंग हा थर्मामीटरइतका भरवशाचा पुरावा नाही.

चीज आच बंद केल्यावरच घालावे. उकळत्या सॉसमध्ये त्याची प्रथिने गुठळी धरतात आणि चरबी वेगळी होते. बारीक किसलेले 30 ग्रॅम पुरे. वर बेसिलची, म्हणजे तुळशीच्या जातीच्या वनस्पतीची, हाताने फाडलेली पाने आणि ताजी मिरपूड. मिठाची शेवटची चव चीज घातल्यानंतर घ्यावी.

पास्त्याच्या आकाराविषयी: पेने, फुसिली, रिगातोनी असे 10 ते 12 मिनिटांत शिजणारे, जाड आणि आखूड प्रकार या पद्धतीला सर्वांत सोयीचे आहेत. साधारण 25 सेंमी लांबीची स्पॅगेटी 28 सेंमी पॅनमध्ये आडवी मावते, पण पहिल्या दोन मिनिटांत तिच्याकडे बारीक लक्ष द्यावे लागते. ताजा पास्ता इथे नको; तो मीटबॉल शिजण्याआधीच विरघळू लागतो. गव्हाच्या कोंड्यासह केलेल्या पास्त्याला पाणी आणि वेळ दोन्ही थोडे जास्त द्यावे. तांदूळ किंवा मक्याचा ग्लूटेनमुक्त पास्ता ढवळताना तुटतो आणि सॉस खळीसारखा करतो, म्हणून तो वेगळा उकळणेच बरे.

प्रमाण दुप्पट करायचे असल्यास पाणी हिशोबाने दुप्पट करू नये. वाफेने जाणारे पाणी पॅनच्या रुंदीवर ठरते, आतल्या पास्त्याच्या वजनावर नाही, म्हणून त्याच पॅनमध्ये दुप्पट पाणी घातले तर सॉस पातळ राहतो. खरे तर 400 ग्रॅमच्या पुढे एका पॅनचा आग्रह धरूच नये. वरचे आणि खालचे थर सारखे शिजत नाहीत, त्यापेक्षा दोन पॅन घ्यावेत. बाजारात मिळणारे शिजवून गोठवलेले मीटबॉल वापरायचे असतील तर ते परतण्याची गरज नाही. ते घट्ट असल्यामुळे फुटत नाहीत, तेव्हा पास्त्याबरोबरच सुरुवातीला घालावेत आणि गाभा पूर्ण गरम झाला आहे हे पाहावे.

उरलेले जेवण दोन तासांच्या आत पसरट डब्यात भरून 4 अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या फ्रिजमध्ये ठेवावे; तीन दिवस चांगले राहते. पास्ता रात्रभर सॉस पीत राहतो, म्हणून गरम करताना दर माणशी दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर गरम करावे आणि मीटबॉल आतपर्यंत वाफाळल्याची खात्री करावी. गोठवायचे असल्यास फक्त मीटबॉल आणि सॉस गोठवावेत, पास्ता नको, कारण तो वितळल्यावर पिठूळ होतो. कच्चे वळलेले गोळे मात्र ताटात सुटे ठेवून गोठवले आणि मग पिशवीत भरले तर चांगले टिकतात. वापरण्याच्या आदल्या रात्री ते फ्रिजमध्ये काढून ठेवावेत आणि परतण्यापूर्वी कागदाने टिपून कोरडे करावेत.